मी नसतानाचा वास

मला आता वास येत नाही. दूध करपलं तर ते डोळ्यांनी कळतं, आणि गॅस नीट बंद झालाय ना हे बघायला सून मधूनमधून स्वयंपाकघरात डोकावून जाते. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी मान डोलावते. खरं म्हणजे माझं नाक वयाच्या फार आधी गेलं. ते मी सेलेनियमला देऊन टाकलं, आणि देताना फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

सेलेनियम हा शब्द आता औषधांच्या बाटल्यांवर सर्रास दिसतो. आम्ही काम करायचो तेव्हा घरात तो कुणाच्या जिभेवर बसत नसे. सासूबाई त्याला नुसतं 'तुझं ते' म्हणायच्या. "तुझं ते आज जास्त होतं वाटतं. बाहेरच थांब, पाणी काढते."

आमच्या घरात नाक काय ते एकट्या सासूबाईंना, असं मिस्त्री म्हणायचे. मिस्त्री म्हणजे माझे सासरे. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे गल्लीपासून घरापर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. सासूबाईसुद्धा. मी तेवढी बाबा म्हणायची. सासूबाई शिवणकाम करायच्या, आणि दोघांची ओळखच मुळी एका बिघडलेल्या मशीनवरून झाली होती. "मशीन एका दिवसात दुरुस्त झालं असतं," सासूबाई सांगायच्या, "पण ह्यांना रोज नवा स्क्रू सैल सापडायचा."

"सैल होतेच मुळी," मिस्त्री म्हणायचे. "तूच करून ठेवायचीस."

घराची पुढची खोली सासूबाईंच्या शिवणाची. खिडकीखाली मशीन, भिंतीला उंच आरसा, दारामागे कपडे बदलायला लावलेला पडदा. माप द्यायला आणि कपडे घालून बघायला बायका तिथे यायच्या. मिस्त्रींचं दुकान बंद झालं होतं, पण हात स्वस्थ बसत नसत. त्या खोलीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून ते कुणाचं ना कुणाचं मशीन उघडून बसलेले असायचे. येणाऱ्या बायकांशी गप्पा मारणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता.

आणि मी प्रयोगशाळेत. आमची प्रयोगशाळा म्हणजे एका लांबट इमारतीचा शेवटचा तुकडा. मुद्दामच शेवटचा दिला होता, कारण सेलेनियमचे जे पदार्थ आम्ही तयार करायचो त्यांचा वास कुणाला सहन होत नसे. कुजलेला मुळा बंद डब्यात ठेवून विसरावा आणि मग तो डबा नाकाखाली उघडावा, तसा. काचेची भांडी आम्ही वाफा पंख्याने बाहेर ओढून टाकणाऱ्या धुरांड्याच्या पेटीतच, कपडे धुण्याच्या ब्लीचच्या बादलीत बुडवून ठेवायचो. त्याने वास मरतो. भांड्यांचा मरायचा. आमचा नाही. केसांत बसायचा, लोकरीत बसायचा, घड्याळाच्या पट्ट्यात बसायचा. संध्याकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी. खिडकीशी बसून पिशवी शेजारी ठेवली तरी कुणी डोळे वटारत नसे. पहिले काही महिने मी ओशाळून जायची. पुढे ऐसपैस बसायला लागले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी एकदा बाबांना समजावून सांगितलं होतं. संध्याकाळचा चहा होता. सासूबाई कापड बेतत होत्या, आणि बाबा एका जुन्या मशीनचं चाक मांडीवर घेऊन घासत होते.

"तुम्ही तिथे नक्की करता काय गं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, वास सोडून."

"बाबा, हे चाक कशाने गंजलं?"

"हवेने. दमट हवेने."

"माणूस श्वास घेतो ती हवाच ना? तिच्यातला प्राणवायू आपल्याला जगवतो, पण जाता जाता आतून थोडं गंजवतोही. रक्तातल्या तांबड्या पेशींना ते सगळ्यांत जास्त सोसावं लागतं. त्यांचा दिवसभर त्याच्याशीच संबंध. मग त्या फुटू नयेत म्हणून रक्ताने स्वतःचा एक राखणदार ठेवलाय. तो गंज चढायच्या आधीच पुसून टाकतो. आणि त्या राखणदाराच्या पोटात सेलेनियमचा एक कण असतो. तो नसला तर राखणदार नुसता उभा. हातात काठी नाही."

"आणि तुम्ही?"

"आम्ही तसेच राखणदार बाटलीत बनवून बघतो. छोटे, साधे. ते रक्तात टाकतो, मग मुद्दाम गंज चढवणारं औषध टाकतो, आणि पेशी वाचतात का ते बघतो."

बाबांनी चाक फिरवून बघितलं. "म्हणजे तेल," ते म्हणाले. "रक्ताला तेलपाणी."

"हो. तेलच समजा."

"बघ," ते सासूबाईंना म्हणाले, "सूनही शेवटी आपल्याच धंद्यात आली."

सासूबाई तोंडात टाचण्या धरून होत्या, त्यामुळे नुसतं "हं" म्हणाल्या. बाबांनी मात्र ती गोष्ट मनात किती खोल ठेवली, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

वर्षानुवर्षं आमची एक घडी बसलेली होती. मी मागच्या दाराने यायचं, कपडे तिथल्या बादलीत, अंघोळ, मग घरात पाऊल. पुढच्या खोलीत अंघोळ झाल्याशिवाय डोकवायचंसुद्धा नाही. सासूबाईंचा नियम होता आणि मला तो पटलेला होता. कापड वास धरतं, हे मलाही ठाऊक होतं. माझा नवरा ऑफिसात पुलांचे नकाशे काढायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मला कसला वास? लग्नाच्या आधीपासून तू अशीच आहेस."

मग एका हिवाळ्यात ती घडी मोडली. नियम सगळे पाळूनही पुढच्या खोलीत वास येऊ लागला. आधी सासूबाईच कुरकुरल्या. मग माप द्यायला आलेली एक बाई रुमाल नाकाला लावून उभी राहिली. मग आणखी एक. मी अंघोळीत साबण बदलला, केस रोज धुवायला लागले, प्रयोगशाळेत डोक्याला कापड बांधायला लागले. वास वाढतच गेला. निदान सगळे तसं म्हणत. मला तो येतच नव्हता. दिवसभर त्यात वावरणाऱ्या नाकाने केव्हाच हात टेकले होते. चोराला स्वतःच्या पावलांचा आवाज येऊ नये, तशी माझी गत.

आमची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आजोबांच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकता ऐकता ती एकदा म्हणाली, "आजोबांना पण आईसारखा वास येतो."

"येणारच," सासूबाई म्हणाल्या. "एका घरात राहतात ना. उद्या भिंतींना येईल."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

शेवटी एक लांब लोकरी कोट परत आला. सासूबाईंनी तो फार जीव ओतून शिवला होता. आतलं अस्तरही हाताने टाचलेलं. त्या बाईने तो दोन बोटांत धरून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "शिवण सुरेख आहे हो. पण लसणाच्या पोत्यात ठेवला होता की काय?" सासूबाई लसूण घरात आणत नसत. त्यांना तो पचतच नसे. त्या बाईला त्यांनी काही सांगितलं नाही. कोट बाहेर दोरीवर टांगला आणि माझी वाट बघत मागच्या दाराशी बसल्या.

"बस," त्या म्हणाल्या. मी अंघोळही केली नव्हती, तरी बस म्हणाल्या, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "मी तुला घालून पाडून बोलणार नाही. तू शिकलीस, त्याचं मला कौतुकच आहे. पण ही सुई मी तुझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून हातात धरलीय. दुसरं मला काही येत नाही. बायका यायच्या बंद झाल्या तर मी काय करू? मिस्त्रींचं तोंड बघत बसू?"

"आई, मी अजून काय करू सांगा."

"मला काय माहीत? तुझं ते तुला माहीत. पण एका घरात तुझं ते आणि माझं हे, दोन्ही नाही राहायचं. मी म्हातारी आहे, मी सोडते म्हटलं तर सोडेनही. पण तुला चालेल का ते?"

हेच तर. मला ते चाललं नसतं. त्या भांडल्या असत्या तर मीही पदर खोचून भांडले असते. पण त्या स्वतःचंच काम सोडायला निघाल्या. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी सांगून टाकलं की हे एक काम संपवते आणि नोकरी सोडते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग चहाच्या भांड्याकडे. बाबा मात्र स्टुलावरून ताडकन उठले. "काही सोडायचं नाही," ते म्हणाले. "कोट टाका जाळून." आणि लगेच खाली बसले, चक्कर आल्यासारखे. हल्ली ते लवकर थकत. केसही विरळ झाले होते. आम्ही म्हणायचो, वय.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांना सांगायला गेले तेव्हा त्या मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या. "वासापायी?" त्या मान वर न करताच म्हणाल्या. "माझ्याकडे तर मांजरसुद्धा टिकलं नाही. मी दिला का राजीनामा?"

"तुमच्या घरी सासू नाही, बाई."

"तेही खरं." मग त्यांनी मान वर केली. "हे बघ, तुझा हा नवा पदार्थ चांगला निघालाय. त्याची मोजणी त्या दुसऱ्या गावच्या यंत्रावर करायची आहे, ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही. जाऊन ये. मग सोड. तोवर मी काही ऐकलेलंच नाही."

म्हणून मी गेले. दुसऱ्या गावी, एका वसतिगृहाच्या खोलीत राहून, मी दिवसभर यंत्रापुढे बसायची. तिथे नुसती मोजणी होती. बाटल्या सीलबंद, वासाचा पत्ता नाही. बसमध्ये माझ्या शेजारी माणसं बसायला लागली. एक आजीबाई तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मला भरून आलं, आणि मग हसूही. मी मनाशी म्हटलं, बघ, हे असं असतं. सोडलं की असंच सुख. पण यंत्राची सुई जेव्हा मला हव्या त्या ठिकाणी येऊन थांबली, तेव्हा शेजारी सांगायला कुणी नव्हतं, आणि आपण काय सोडायला निघालोय ते मला बरोबर कळलं.

घरी फोन करायची. मुलीशी बोलायचं, मग सासूबाई फोन घ्यायच्या. पहिल्या वेळी म्हणाल्या, पडदे धुतले. पुढच्या वेळी म्हणाल्या, तुमची खोली उघडून गाद्या उन्हात टाकल्या. त्याच्या पुढच्या वेळी फोनवर त्या थोडा वेळ गप्पच राहिल्या.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय. अगं, तू तिकडे गेलीस, आणि वास इथेच ठेवून गेलीस की काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे जात नाहीये. भिंती पुसल्या मी. तुझे गरम कपडे पेटीत घालून माडीवर टाकले. तरी आहेच. आणि खरं सांगू का? तू नाहीस, तेव्हा जरा नीट कळतंय. हा तुझा नाही."

"माझा नाही?"

"तुझा म्हणजे मुळा. कुजका मुळा. तो मी इतकी वर्षं ओळखते. हा मुळा नाही, हा लसूण आहे. आधी दोन्ही एकात एक मिसळलेले होते, म्हणून मी म्हटलं सगळा तुझाच. आता मुळा गेला आणि लसूण राहिला."

"कुठे येतो जास्त? पुढच्या खोलीतच?"

"पुढच्या खोलीत, जेवताना, आणि..." त्या थांबल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "मिस्त्री बोलायला लागले की येतो बघ. गप्प असले की कमी. कुठून चोरून लसूण खाऊन येतात काय, कुणास ठाऊक. विचारलं तर आईची शपथ घेतात."

फोनची तार माझ्या बोटाला गुंडाळलेली होती. ती मी सोडली. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात: शरीरात सेलेनियम फार झालं की शरीर ते श्वासातून बाहेर टाकू लागतं, आणि त्या श्वासाला लसणाचा वास येतो. भिंतीवर तशी पाटीच होती आमच्याकडे. दर सोमवारी आम्ही एकमेकांना "हा कर" म्हणून गमतीत श्वास तपासायचो. ज्यांना सेलेनियमची बाधा व्हायची शक्यता होती त्या सगळ्यांवर माझं लक्ष होतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडे मी कशाला बघणार?

"आई, बाबांची नखं कशी आहेत?"

"नखांचं काय मध्येच? वाईट आहेत. मोडतात. परवा सुईचा स्क्रू नखाने उचलायला गेले तर नखच निघालं. मला म्हणाले, तू उचलून दे. आयुष्यात कधी म्हणाले नव्हते."

मी मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी आटपली आणि मिळेल त्या गाडीने घरी आले. पुढच्या दाराने आले. बाबा कोपऱ्यातच होते. केस इतके गेले होते की टाळूवर दिव्याचा उजेड पडत होता. मी समोर जमिनीवर बसले.

"बाबा, तुम्ही कसल्या गोळ्या घेताय का?"

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मशीनचं पायडल थांबवलं.

"ताकदीच्या," बाबा म्हणाले.

"कुठल्या ताकदीच्या?"

ते उठले, मशीनच्या तेलाच्या कुप्या ठेवायच्या खणातून एक बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. तब्येतीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानातली होती. बाटलीवर माझाच शब्द छापलेला. सेलेनियम. रोज एक, असं लिहिलेलं.

"रोज किती घेता?"

"मूठभर नाही काही घेत."

"बाबा."

"सकाळी थोड्या, रात्री थोड्या. एकाने काय होतंय? जुनं, गंजलेलं मशीन हातात आलं की त्याला थेंब घालत नाहीत गं. आधी तेलाने न्हाऊ घालतात. मग चाक सुटतं. मी काही आज पेटीतून निघालेलं मशीन नाही."

"पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, अजून सिद्ध व्हायचंय, अजून बघतोय. तुम्ही सगळे असंच बोलता." त्यांनी पायातल्या चपलेशी चाळा केला. "आणि घरात सगळे तुझ्या कामाचा वासच तेवढा काढत बसले होते. कुणीतरी त्याच्यावर विश्वास टाकायला नको? म्हटलं, मी ठणठणीत होऊन दाखवतो. मग हिला म्हणता येईल, बघ, सूनबाईचं औषध."

मी बाटलीवरचं 'रोज एक' पुन्हा वाचलं. सासूबाई मशीनमागून उठल्या.

"अहो मिस्त्री! म्हणजे हा जो कोटाला आला, तो तुमचा?"

"माझा कसला?"

"लसूण! तुमच्या तोंडाचा! त्या बाईला कोट घालून दाखवताना तिच्याभोवती फिरून फिरून शिवणीची तारीफ कोण करत होतं? तास दीड तास?"

बाबांनी तळहात तोंडासमोर धरला, त्यावर श्वास सोडून हुंगून बघितलं. "मला तर काही येत नाही," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते माझ्याकडे वळले. "अगं, सगळे म्हणायचे त्यावरून मला वाटायचं तुझाच आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून मी कधी बोललो नाही. आणि तू माझ्या वासापायी नोकरी सोडत होतीस?"

सासूबाईंनी हातातलं कापड तोंडावर धरलं. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

डॉक्टरांनी गोळ्या ताबडतोब बंद केल्या. त्यांनी सांगितलं की नशीब बलवत्तर, अजून थोडे महिने चाललं असतं तर हातापायांच्या नसांवर गेलं असतं. आता शरीर आपलं आपण बाहेर टाकेल, वेळ लागेल. बाबा ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा पटल्याचा नव्हता. दवाखान्यातून निघताना म्हणाले, "तेलाने कधी गंज चढतो का? तूच सांगितलंस ना, ते राखतं म्हणून."

म्हणून मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले.

आमच्याकडे रक्त बाहेरून येत नसे. आम्हीच आळीपाळीने द्यायचो. ज्याची पाळी त्याला त्या दिवशी उकडलेलं अंडं आणि जास्त साखरेचा चहा, असा रिवाज होता. त्या दिवशी पाळी माझी होती. मोठ्या बाईंनी माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधला तेव्हा बाबांना कळलं. जन्मभर सुयांत वावरलेला माणूस, पण त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. "सुनेचं रक्त काढून मला शिकवायचं होतं होय," ते भिंतीला म्हणाले.

"अंडं तुम्हाला देऊ," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी रक्ताची नळी यंत्रात घालून गरगर फिरवली, वरचं पिवळट पाणी काढून टाकलं, खालच्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने धुतल्या आणि चार नळ्यांत वाटल्या. पहिल्या नळीत काहीच घातलं नाही. दुसरीत गंज चढवणारं औषध. तिसरीत तेच औषध, आणि त्याच्या आधी माझ्या पदार्थाचा अगदी थोडा अंश. चौथीतही तसंच, फक्त माझा पदार्थ सढळ हाताने. मग नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. बाबांनी अंडं खाल्लं. धुरांड्याच्या पेटीचा पंखा मध्येच खडखडत होता. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि मोठ्या बाईंना सांगितलं की बेअरिंग गेलंय.

नळ्या पुन्हा फिरवून मी त्या खिडकीसमोर उजेडात धरल्या. पेशी शाबूत असल्या की तळाशी बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. फुटल्या की आतला तांबडा रंग सांडतो आणि सगळं पाणी लाल होतं. हे समजायला शिक्षण लागत नाही, डोळे लागतात.

पहिली स्वच्छ. दुसरी लाल. तिसरी स्वच्छ, तळाशी तांबडा ठिपका. बाबांनी ती हातात घेतली, उजेडात फिरवली. "राखलं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून हसले. "राखलं की गं तुझ्या त्याने."

"आता चौथी बघा."

चौथी दुसरीपेक्षाही लाल होती. आरपार काही दिसत नव्हतं.

बाबा बराच वेळ ती धरून उभे होते. त्यांची बोटं, मोडक्या नखांची, काचेवर होती.  

"म्हणजे हे जुनं गंजलेलं मशीन नाही," शेवटी बाबा म्हणाले. "हे चालू मशीन आहे. वर कापड लावलेलं. चालू मशीनला थेंबच घालायचा. जास्त घातलं तर तेल खाली उतरतं आणि कापडच जातं." त्यांनी नळी जागेवर ठेवली. "हे मला आधी कुणी सांगितलं नाही."

"मीच नाही सांगितलं, बाबा. मी नुसतं तेल म्हटलं."

"नाही, मीच विचारलं नाही. किती घालायचं, हे मिस्त्रीने आधी विचारायला हवं."

पुढचे काही आठवडे सासूबाई रोज सकाळी त्यांना खिडकीत उभं करून "हा करा" म्हणायच्या. बाबा शाळेतल्या मुलासारखा आ करायचे. वास उतरत गेला. बायका परत येऊ लागल्या. तो लोकरी कोट दोरीवर बरेच दिवस राहिला, मग सासूबाईंनी तो स्वतःच घालायला काढला. "माझ्याच मापाचा निघाला बघ," म्हणाल्या. बाबांच्या नखांवर तळाशी एक पांढरी आडवी रेघ उठली होती. नख वाढेल तशी ती पुढे सरकत होती. ते रोज बघायचे, मुलीलाही दाखवायचे. ती म्हणायची, "आजोबांचं नख गाडीत बसून चाललंय." रेघ टोकाला पोहोचली तेव्हा त्यांनी ती कातरून टाकली आणि त्याच दुपारी सुईचा स्क्रू स्वतःच्या नखाने उचलला. कुणाला बोलावून दाखवला नाही. मी दारातून बघितलं.

माझ्या नोकरीचं मात्र कुणीच काही बोलत नव्हतं. मी मोठ्या बाईंना हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. आणि घरी मी जो शब्द देऊन बसले होते, तो परत घ्यायला जीभ रेटत नव्हती. मुळा माझा होताच ना. वास दोन होते तर त्यातला एक माझाच होता. मी वाट बघत होते, पण कशाची ते मला माहीत नव्हतं.

एक दिवस प्रयोगशाळेत बाटली फुटली. भर दुपारी, माझ्या हातून, पेटीच्या बाहेर. मोठ्या बाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं. बसमध्ये मी बसले तिथपासून मागच्या तीन रांगा उठून उभ्या राहिल्या. मागच्या दाराशी पोहोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्यांनी मान जराशी वर केली आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, चहाची चव घ्यावी तसा.

"हा तुझा," त्या म्हणाल्या. "अस्सल."

"हो, आई. आज बाटली..."

"उभी राहा तिथेच." त्या आत गेल्या आणि शिवलेलं काहीतरी घेऊन आल्या. जाड सुती कापडाचा लांब झगा होता, मानेपाशी आणि मनगटाशी घट्ट, पाठीवर बंद, आणि त्याच कापडाची टोपी, केस पूर्ण झाकणारी. शिवण त्यांची नेहमीचीच, उलट बाजूनेही नीटस. "हे तिथेच ठेवायचं. तिथेच धुवायचं. घरात आणायचं नाही. दोन शिवलेत, म्हणजे बदलाबदली होईल." त्यांनी झगा माझ्या खांद्यांना लावून माप बघितलं, वास सोसत. "उद्या घालून जा. खांद्यात घट्ट होत असेल तर सांग, शिवणीत कापड सोडलंय."

आतून बाबा विचारत होते, "काय गं, कुणाचा आहे?"

"सुनेचा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसा." आणि माझ्यासाठी अंघोळीचं पाणी काढायला गेल्या.